जग जवळ आले, म्हणजे किती?



‘विज्ञान : शाप की वरदान’ हा निबंध तुमच्यापैकी बहुतेकांनी एकदा तरी लिहिला असेल. त्यात एक वाक्य हटकून येते : ‘विमानांमुळे आज जग जवळ आले आहे.’ लिहिणारा ते लिहून मोकळा होतो, तपासणारे गुरुजी त्याखाली लाल शाईने बरोबरची खूण करतात आणि दोघेही पुढच्या परिच्छेदाकडे वळतात. माझे मत विचाराल तर हे वाक्य निबंधांतून काही वर्षे हद्दपारच करायला हवे. ते खोटे आहे म्हणून नव्हे, तर ते लिहिले की विचार तिथेच थांबतो म्हणून. जवळ आले ते किती आले, कशामुळे आले, कोणासाठी आले आणि कोणासाठी आले नाही, हे विचारायचे राहूनच जाते.

हे विचारायला पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यासारखी जागा शोधून सापडणार नाही. १९५४ साली पिंपरीला पेनिसिलीन बनवण्यासाठी हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. पाठोपाठ टेल्को आली, बजाज आली, बॉल-बेअरिंगचे कारखाने आले. २००९ साली चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ या जर्मन मोटारींचे कारखाने सुरू झाले. या भागातल्या एखाद्या शाळेत जाऊन विचारा. ‘आमचे बाबा प्रशिक्षणासाठी महिनाभर जर्मनीला गेले आहेत’ किंवा ‘आई परवाच तिकडून आली’ असे सांगणारे कोणीतरी भेटण्याचा पुष्कळ संभव आहे. तेव्हा आपण चाकण ते फ्रँकफर्ट हाच प्रवास उदाहरणासाठी घेऊ. जर्मनीला जाणारा माणूस बहुधा फ्रँकफर्टच्या विमानतळावर उतरतो आणि तिथून आगगाडीने आपापल्या गावाला जातो.

तर मग, फ्रँकफर्ट चाकणहून किती लांब आहे?

हल्ली हा प्रश्न फोनला विचारला की उत्तर क्षणात मिळते. आकडा बरोबरही असतो. पण आकडा मिळाला म्हणजे अंतर समजले असे नाही. त्यापेक्षा शाळेतला पृथ्वीगोल कपाटातून काढा. (पुष्कळ शाळांत तो कपाटावर, धुळीत, सरस्वतीच्या तसबिरीशेजारी असतो. वर्षातून एकदा, तपासणीच्या दिवशी, तो पुसला जातो. पृथ्वीगोल ही शोभेची वस्तू नसून मोजण्याचे साधन आहे, असे शाळांना वाटू लागेल तो सुदिन.) एक टोक चाकणवर, म्हणजे साधारण पुण्याच्या ठिपक्यावर, आणि दुसरे फ्रँकफर्टवर धरून शिवणकामाचा दोरा ताठ ताणा. ताणलेला दोरा आपण होऊन सर्वांत जवळची वाट धरतो. पृथ्वीगोलाचा व्यास ३० सेंटिमीटर असेल तर दोरा भरेल सुमारे १५.७ सेंटिमीटर. त्या गोलाचा परिघ साधारण ९४ सेंटिमीटर. भागाकार करून पाहा. उत्तर सहा येते!

चाकण ते फ्रँकफर्ट हे अंतर पृथ्वीच्या परिघाचा जवळजवळ नेमका सहावा भाग आहे. परिघ ४०,००० किलोमीटर धरला तर सहावा भाग ६,६६७ किलोमीटर, आणि प्रत्यक्ष अंतरही त्याच्या आसपासच आहे. असा योग क्वचित जुळतो, म्हणून त्याची थोडी गंमत घेऊ. वर्तुळात सुसम षट्कोन काढताना तुम्ही कर्कटक न बदलता त्रिज्येनेच परिघाचे सहा भाग पाडले असतील. तिथे षट्कोनाची बाजू त्रिज्येइतकीच असते. म्हणजे चाकणहून फ्रँकफर्टपर्यंत जमिनीच्या पोटातून सरळ बोगदा खणला, तर त्याची लांबी पृथ्वीच्या त्रिज्येइतकी, सुमारे ६,३७० किलोमीटर भरेल. वाचले किती? अवघे ३०० किलोमीटर. आणि त्यासाठी मध्यावर सुमारे ८५० किलोमीटर खोल जावे लागेल. माणसाने आजवर खणलेले सर्वांत खोल छिद्र १२ किलोमीटरच्या थोडे पलीकडे गेले आहे. मात्र त्या बोगद्यात हवा नाही, घर्षण नाही आणि पृथ्वी सगळीकडे सारख्याच घनतेची आहे असे मानले, तर नुसत्या गुरुत्वाकर्षणाच्या ओढीने सोडलेला डबा ४२ मिनिटांत पलीकडे पोचेल. इंधनाचा थेंबही नको. गणित खरे, बोगदा अशक्य. विमानाला पर्याय नाही.

आता दोरा न काढता तो कोणकोणत्या प्रदेशांवरून गेला आहे ते वाचा. चाकणहून तो वायव्येला निघतो. समुद्राचा एक कोपरा कापून सौराष्ट्र आणि कच्छ गाठतो, तिथून सिंध, बलुचिस्तान आणि इराण. प्रवासाचा नेमका मध्य कास्पियन समुद्राच्या पश्चिम किनाऱ्याजवळ, अझरबैजानच्या दक्षिण टोकाला येतो. पुढे काळा समुद्र, क्रिमिया, ओडेसा शहराचा परिसर, स्लोव्हाकिया आणि मग जर्मनी. आता हाच प्रवास मर्केटर पद्धतीच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून आखा. ती रेघ बगदादच्या जवळून जाईल! दिसायला ती सरळ, दोरा मात्र उत्तरेकडे फुगलेला. तरीही पट्टीची वाट दोऱ्याच्या वाटेपेक्षा सुमारे १३० किलोमीटर लांबीची आहे.

सपाट नकाशा वाईट असतो असे मला म्हणायचे नाही. संत्र्याची साल न फाडता, न ताणता टेबलावर सपाट पसरता येत नाही; पृथ्वीचेही तसेच आहे. नकाशा काढणाऱ्याला काहीतरी ताणावेच लागते. मर्केटरने दिशा सांभाळली आणि अंतरे ताणली. दर्यावर्दी लोकांना तेच हवे होते. चूक आपली होते. दिशेसाठी काढलेल्या नकाशावर आपण अंतर मोजू लागतो. एक कोडे घाला मित्रांना : हिंजवडीत काम करणाऱ्या मावशीला अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोला जायचे आहे, तर सर्वांत जवळची दिशा कोणती? कोणी पूर्व म्हणेल, कोणी पश्चिम. दोरा म्हणतो, उत्तर. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाच्या चार महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला विमान आणले, ते उत्तर ध्रुवावरून. सपाट नकाशावर ती वाट काढायला गेलात तर रेघ कागदाच्या वरच्या कडेवरून निघून जाते.

अंतर झाले. आता वेळ. मोठी प्रवासी विमाने सुमारे ११ किलोमीटर उंचीवर ताशी ९०० किलोमीटरच्या जवळपास वेगाने उडतात. आपला प्रवासी मुंबईहून विमानात बसणार. मुंबई-फ्रँकफर्ट अंतर सुमारे ६,६०० किलोमीटर. ९०० ने भागले की सव्वासात तास येतात. पण वेळापत्रक पाहिले तर जाताना सुमारे नऊ तास आणि येताना सुमारे आठ. वर चढायला, खाली उतरायला, धावपट्टीपर्यंत सरकत जायला वेळ लागतो, हे खरे. पण तो दोन्ही वेळा सारखाच लागतो. मग जाताना एक तास जास्त का?

(वेळापत्रक वाचताना जपून. समजा, विमान रात्री एक वाजता मुंबईहून सुटले आणि पहाटे साडेपाचला फ्रँकफर्टला पोचले, तर प्रवास साडेचार तासांचा नाही. हिवाळ्यात जर्मनीचे घड्याळ आपल्यामागे साडेचार तास असते. ते मिळवले की नऊ होतात. उन्हाळ्यात तिकडची घड्याळे तासभर पुढे सरकवतात, तेव्हा फरक साडेतीन तासांचा.)

जाता-येतानाच्या फरकाबद्दल एक चुकीची समजूत फार पसरलेली आहे, अगदी शिकलेल्या माणसांतही. ‘पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून असे होते’ असे सांगून लोक मोकळे होतात. जरा ताणून पाहू. पृथ्वीच्या फिरण्याने चाकणची जमीन ताशी जवळजवळ १,६०० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे धावते आहे. नुसते तेवढेच खरे असते तर हेलिकॉप्टरने सरळ वर जाऊन चहा पीत थांबावे, दीड-दोन तासांत अरबस्तान आपसूक खाली यावा! तसे होत नाही, कारण पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते आणि विमान त्या हवेत असते. शिवाय या समजुतीप्रमाणे पश्चिमेकडे जाणारा प्रवास लवकर व्हायला हवा. होते नेमके उलटे.

खरे कारण वारा. विषुववृत्ताजवळची तापलेली हवा वर चढून ध्रुवांकडे सरकते. विषुववृत्तावर जमिनीबरोबर पूर्वेकडे धावण्याचा तिचा वेग सर्वांत जास्त असतो, आणि ती जिकडे जाते तिथली जमीन मात्र कमी वेगाने धावत असते. जास्तीचा वेग हवा आपल्याबरोबर घेऊन येते आणि जमिनीच्या पुढे पळू लागते. जमिनीवरून पाहणाऱ्याला हा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वारा वाटतो. उंचावर त्याचे अरुंद, जोरदार पट्टे बनतात. त्यांना झोतवारे म्हणतात. ताशी १५०-२०० किलोमीटर हा त्यांचा साधा वेग. हिवाळ्यात ते दक्षिणेकडे सरकतात आणि जोर धरतात, उन्हाळ्यात उत्तरेकडे हटून मंदावतात. तेव्हा पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आहे, पण तो वाऱ्याच्या मार्फत. जर्मनीला जाणारे विमान हा वारा अंगावर घेत जाते, येणारे त्याच्या पाठीवर बसून येते.

इथे एक प्रश्न. जाताना जेवढे नुकसान, तेवढाच येताना फायदा, म्हणजे जाऊन-येऊन हिशेब चुकता होतो का? बहुतेक जण ‘होतो’ म्हणतात. वही घ्या. अंतर ६,६०० किलोमीटर, विमानाचा स्वतःचा वेग ताशी ८८०. वारा नसताना एका बाजूस साडेसात तास, दोन्ही बाजू मिळून पंधरा. आता सगळ्या वाटेवर ताशी ८० चा वारा आहे असे धरा. जाताना वेग ८००, वेळ ८ तास १५ मिनिटे. येताना वेग ९६०, वेळ ६ तास साडेबावन्न मिनिटे. बेरीज १५ तास साडेसात मिनिटे. साडेसात मिनिटे कुठे गेली? आणखी जोराचा, ताशी २२० चा वारा घ्या : जाताना १० तास, येताना ६, एकूण १६. पूर्ण एक तास गेला! कारण असे की उलट्या वाऱ्यात आपण जास्त वेळ घालवतो आणि सुलट्या वाऱ्याचा लाभ थोडाच वेळ घेतो. वारा दोन्हीकडे सारखाच आहे, पण त्याच्या तावडीतला वेळ सारखा नाही. पावसाळ्यात भोसरीहून मोशीकडे वाऱ्याच्या तोंडावर सायकल मारणाऱ्याला हे वहीशिवाय समजते.

वारा निसर्गाचा. पण वाटेत माणसाने घातलेली कुंपणेही आहेत, आणि ती पृथ्वीगोलावर दिसत नाहीत. मघाचा दोरा पुन्हा पाहा. तो सिंधवरून जातो आणि ओडेसावरूनही. २०१९ साली फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत पाकिस्तानने आपले बहुतेक आकाश बंद ठेवले होते. एप्रिल २०२५ मध्ये त्याने ते भारतीय विमान कंपन्यांना पुन्हा बंद केले आणि भारतानेही तसेच उत्तर दिले. दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या भारतीय विमानांना मोठा वळसा पडला. मुंबईहून निघणाऱ्यांना अरबी समुद्रावरून आखाताकडे जाता येत असल्याने तो कमी जाणवला. दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला युक्रेन आहे. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने त्या देशावर हल्ला केला आणि त्याच दिवशी तिथले आकाश नागरी विमानांना बंद झाले. हे उगीच केलेले नव्हते. १७ जुलै २०१४ रोजी ॲम्स्टरडॅमहून क्वालालंपूरला निघालेले मलेशियाचे प्रवासी विमान पूर्व युक्रेनवर क्षेपणास्त्राने पाडले गेले होते आणि त्यातली सर्वच्या सर्व २९८ माणसे मेली होती. त्या माणसांचे भांडण कोणाशीच नव्हते. ती फक्त जवळच्या वाटेने चालली होती.

म्हणजे पाहा, पृथ्वीने दिलेली सर्वांत जवळची वाट आणि विमान जिथून जाऊ शकते ती वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘जग जवळ आले’ म्हणणाऱ्याने निदान एवढे तरी सांगावे, की ते शांततेच्या काळात जवळ येते आणि लढाई झाली की पुन्हा लांब जाते.

विमानांचा वेग वाढत चालला आहे, असेही आपल्याला वाटते. इतिहास तसे सांगत नाही. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला निघाले. ते पंख्यांचे विमान होते आणि वाटेत कैरो व जिनिव्हा येथे थांबले होते. १९६० साली एअर इंडियाकडे बोइंग ७०७ ही जेट विमाने आली आणि वेग एकदम ताशी ९०० च्या घरात गेला. त्यानंतरची साठांहून अधिक वर्षे तो जवळजवळ तिथेच आहे! ११ किलोमीटर उंचीवर तापमान उणे ५५ अंशांच्या आसपास असते आणि ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर. त्याच्या फार जवळ गेले की हवेचा विरोध झपाट्याने वाढतो आणि इंधनाचा खर्च परवडत नाही. आवाजापेक्षा वेगवान काँकॉर्ड १९७६ ते २००३ या काळात प्रवाशांना घेऊन उडाले आणि निवृत्त झाले. मग वेळ वाचला कसा? थांबे गळाले म्हणून. नव्या इंजिनांना इंधन कमी लागते, त्यामुळे न थांबता लांब जाता येते. वाहन तेवढ्याच वेगाने धावते, फक्त मधली स्थानके गेली. आपल्या एस.टी.च्या ‘विनाथांबा’ गाडीचे तत्त्व हेच आहे.

विनाथांबा जायचे तर मात्र सुरुवातीलाच भरपूर इंधन घ्यावे लागते, आणि तिथे आपल्या पुण्याची अडचण होते. मुंबई-फ्रँकफर्ट प्रवासाला मोठ्या विमानात पन्नास टनांहून अधिक इंधन भरावे लागते. एवढा बोजा घेऊन वर उठायचे तर जास्त वेग हवा, आणि जास्त वेगासाठी लांब धावपट्टी हवी. मुंबईची मुख्य धावपट्टी जवळजवळ साडेतीन किलोमीटर लांब आणि समुद्रसपाटीला आहे. पुण्याचा लोहगाव विमानतळ मुळात हवाई दलाचा; तिथली धावपट्टी अडीच किलोमीटरच्या थोडी वर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ५९० मीटर उंच. उंचीवर हवा विरळ, उन्हाळ्याच्या दुपारी आणखी विरळ. विरळ हवेत पंखांना पुरेशी उचल मिळवण्यासाठी आणखी जोरात पळावे लागते, आणि पट्टी तर आखूड! २००८ साली जर्मनीच्या लुफ्तान्सा कंपनीने पुणे-फ्रँकफर्ट अशी थेट सेवा सुरू केली, ती लहान विमानाने. तिकडून येताना ते न थांबता येई. इथून जाताना मात्र वाटेत इंधनासाठी उतरावे लागे. उलटा वारा आणि आखूड धावपट्टी, दोन्ही एकाच बाजूला आले होते. पुढे ती सेवा बंद पडली.

म्हणून चाकणचा प्रवासी मुंबईला जातो, आणि मला ज्या मापाविषयी मुख्यतः बोलायचे आहे ते इथे येते. पृथ्वीगोलावर चाकणपासून मुंबईचा विमानतळ किती दूर आहे, मोजा. जेमतेम अडीच मिलिमीटर. दोऱ्याची गाठ त्याहून मोठी असते. रस्त्याने हे अंतर १३० ते १४० किलोमीटर आहे. चाकण-तळेगाव रस्त्यावरच्या कंटेनरांच्या रांगेतून सुटायचे, द्रुतगती मार्गावर यायचे, खंडाळ्याच्या घाटात काय वाढून ठेवले आहे याची धाकधूक बाळगायची, मग पनवेल, वाशी आणि मुंबईची गर्दी. तीन तासांत पोचलात तर नशीब; शहाणा माणूस साडेचार धरतो. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी हजर राहायचे. म्हणजे पंधरा सेंटिमीटरांना नऊ तास, आणि अडीच मिलिमीटरांना सात-साडेसात!

आपले पूर्वज या बाबतीत आपल्यापेक्षा व्यवहारी होते. ते अंतर कोसांत सांगत, पण लांबचा पल्ला म्हटला की मजलांत. मजल म्हणजे एका दिवसात चालून होणारी वाट. डोंगर असला की कोस कमी, सपाटी असली की जास्त. अंतर आणि वेळ त्यांनी एकाच शब्दात बांधले होते. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी पंढरपूरला अठरा-वीस दिवसांनी पोचते. तिचे अंतर किलोमीटरमध्ये कोणी विचारत नाही, मुक्काम विचारतात. (वारकऱ्याला लवकर पोचायचेही नसते, ही गोष्ट निराळी.) आपणही दोन गावांतले अंतर घरच्या उंबऱ्यापासून तिकडच्या उंबऱ्यापर्यंत तासांत सांगायला शिकले पाहिजे, आणि त्यातले कोणते तास पृथ्वीचे, कोणते वाऱ्याचे, कोणते सरकारांच्या भांडणाचे आणि कोणते आपल्या रस्त्यांचे, हे वेगळे मांडले पाहिजे. पृथ्वीचे तास कमी होणार नाहीत. वाऱ्याचेही नाहीत. रस्त्याचे होतील.

हा केवळ वहीतला हिशेब नाही. पुण्यासाठी नवा विमानतळ कुठे व्हावा याची चर्चा तुमच्या जन्माच्या आधीपासून चालली आहे. तो चाकण-राजगुरुनगर परिसरात व्हावा अशी योजना बरीच वर्षे होती. २०१६ साली पुरंदर तालुक्यातली जागा निवडल्याचे जाहीर झाले. तिथल्या सात गावांतल्या शेतकऱ्यांनी जमीन द्यायला विरोध केला. खेड तालुक्यातही पूर्वी असाच विरोध झाला होता. घरात, रिक्षात, कंपनीच्या बसमध्ये लोक यावर हिरिरीने बोलतात. पण चाकणच्या माणसाचे नक्की किती तास त्याने वाचतील, हे मांडून दाखवणारा मला अजून भेटलेला नाही. पुरंदरला लांब धावपट्टी झाली तर लोहगावची अडचण दूर होईल, हे खरे. पण चाकणहून पुरंदरला जायचे म्हणजे पुणे शहर ओलांडायचे किंवा बाहेरून वळसा घालायचा. त्या रस्त्याला तीन तास लागत असतील, तर मुंबईने काय पाप केले होते? उलट ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ पनवेलजवळ, द्रुतगती मार्गाच्या तोंडाशीच आहे. तिथून लांबच्या परदेशी फेऱ्या वाढतील तसा मुंबईच्या गर्दीतला शेवटचा पल्ला चाकणकरांचा वाचेल, आणि पुरंदरच्या हिशेबात हेही धरायला हवे. एकाचे वाचणारे तास आणि दुसऱ्याची जाणारी अंजिराची बाग एकाच तराजूत घालायची असेल, तर निदान तासांचे पारडे तरी अचूक मोजलेले असावे. ‘विकास हवा’ आणि ‘विकास नको’ अशा घोषणांनी ते मोजले जात नाही.

मी स्वतः चाकणच्या रस्त्यांच्या बाजूचा आहे, हे लपवत नाही. रस्त्यावरचा एक तास कमी झाला तर त्याचा उपयोग जर्मनीला जाणाऱ्या साहेबाला होतो, तळेगावला कांदा नेणाऱ्या शेतकऱ्याला होतो आणि पिंपरीच्या रुग्णालयात निघालेल्या आजींनाही होतो. आकाशातला एक तास कमी झाला तर तो फक्त पहिल्याला मिळतो. कोणाला हे मत पटणार नाही. त्याने आपला हिशेब मांडावा, मी आनंदाने वाचीन.

आता दोरा हातात आहेच, तर आणखी एक मोजमाप करा. तळेगाव-चाकण भागात कोरियाचेही कारखाने आहेत आणि सेऊलहून माणसे ये-जा करतात. पृथ्वीगोलावर चाकण ते सेऊल दोरा ताणा. अंतर काढा. दोरा कोणकोणत्या देशांवरून गेला ते लिहा. विमान त्या वाटेने सरळ का जात नसेल, यासाठी वाटेतल्या पर्वतांची उंची पाहा आणि देशांच्या सीमाही. जाताना जास्त वेळ लागेल की येताना, ते वेळापत्रक न पाहता सांगा, मग ताडून पाहा. शेवटी घरापासून मुंबईच्या विमानतळापर्यंतचे तास, बाबांना किंवा कंपनीच्या मोटारीवरच्या काकांना विचारून, वेगळ्या रंगाच्या शाईने त्यात मिळवा.